सप्तमीचे सात थेंब

वयनी, पिऊ नका, पेला खाली ठेवा, असं मी ओरडले तेव्हा तुमचा शेवटचा घोट गिळून झाला होता. तुम्ही पदराने ओठ टिपत होता. मला म्हणालात, "किंचाळतेस काय धाकटे, बाबी उठेल ना." आणि मग तुमचा हात घशाकडे गेला.

मी दाभण तसंच हातात धरून उभी. त्याच्या टोकाला बिब्बा, त्याचा धूर अजून निघत होता, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मागच्या वेळी तीन पाडले होते, तीनच, आणि आज मी सात पाडले. चार, पाच, सहा कुठे गेले? हे मला आधी का नाही सुचलं? थेंब पाडताना मी मोजत होते, तोंडाने मोजत होते, एक, दोन, तीन, नीट सातपर्यंत. मोजण्यात चूक नव्हती हो. मोजणं बरोबर होतं.

"खोबरं आण," तुम्ही म्हणालात. आवाज जाड झाला होता. मी नारळ घेतला तर कोयता सापडेना, समोर चुलीपाशी पडलेला, तरी सापडेना. शेवटी उंबऱ्यावर आपटून फोडला. तुम्ही खोबरं चावत होता आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मला म्हणता, "उंबऱ्यावर नारळ फोडलास, आता सासूबाई तुला सोडतात का बघ."

ही तुमची शेवटची थट्टा. त्यानंतर ओठ सुजले.

गुरुजींनी निरोप पाठवलाय, रविवारी आगाशीच्या शाळेत सगळी जमणार आहेत तुमच्यासाठी, लांबलांबून बायका येणार आहेत, तू त्यांची धाकटी जाऊ, शेवटपर्यंत त्यांच्याजवळ तू होतीस, तर चार ओळी लिहून दे, मी वाचून दाखवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. बाबीला पाळण्यात घालून लिहायला बसलेय, ती नऊ महिन्यांची, पाय मारून मारून दुपटं खाली टाकते, मी उठते, परत बसते. गुरुजींना वाटतं मी लिहीन वयनी देवमाणूस होत्या. होतातच. पण मला ते नाही लिहायचं, मला दुसरं लिहायचंय. सासूबाई ओटीवर सुपारी कातरतायत, अडकित्त्याचा आवाज येतोय, तो थांबला की माझं लिहिणं थांबतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या मानेवर नायटा होता. मी सोळा वर्षांची, लाजेने मेले होते, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून फिरायचे. तुम्ही तिसऱ्या दिवशी विहिरीवर मला धरलंत. "काय लपवतेस ग? सोन्याचा हार आहे का एवढा?" आणि पदर ओढलात. मला वाटलं आता घरभर होणार. तुम्ही कोणाला बोलला नाहीत. टाकळ्याचं बी ताकात वाटलंत, आणि मानेला नाही, आधी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावलंत. "उद्या बघू. इथे आग झाली नाही, लाल झालं नाही, तर मग मानेला." मी म्हटलं, वयनी, एवढ्याशा झाडपाल्याची कसली भीती? तर म्हणालात, "झाडपाल्याला आपण कोण ते ठाऊक नसतं."

असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. केळीच्या वाडीच्या कडेला, पाटाच्या बाजूने तुम्ही किती काय लावलेलं. कुडा, अडुळसा, कोरफड, ओवा. पित्त उठून अंगावर गांधी आल्या की आमसुलाचं पाणी, ते प्यायला आणि तेच अंगाला. खरजेला करंजाचं तेल. लहान पोराला जंत झाले तर वावडिंग, तेही दाणे मोजून, पोराकडे बघून. आणि कितीजणांना तुम्ही नुसतं परत पाठवलंत! बाबीला जुलाब झाले तेव्हा मी घाबरून कुड्याची साल उगाळायला घेतली तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत, सहाण बाजूला केलीत. "सात महिन्यांच्या पोराला साल? अंगावर पाज. पेजेचं पाणी दे चमच्याने, मीठसाखर घालून. टाळू खोल गेली, पोर मलूल झालं, तर मी टांगा आणते, माणिकपूरच्या डॉक्टरकडे नेऊ." आणि संध्याकाळी खरंच टांगा आणलात. डॉक्टरांच्या दारात तुम्ही बाहेर उभ्या राहिलात, पाठ करून. माझं पोर वाचलं ते तुमच्यामुळे वाचलं, हे मी लिहिलंच पाहिजे, ते खोटं नाही.

पण वयनी, दुसऱ्याला डॉक्टर आणि स्वतःला बिब्बा, हे कसं? आपलं हे भांडण तसंच राहिलं.

वर्षभर तुम्हाला अन्न जिरत नव्हतं. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं. चोळी सैल व्हायला लागली, तुम्ही बाह्या दोनदा आत घातल्यात, मी बघत होते. मी म्हटलं, वयनी, एकदा माणिकपूरला दाखवा. तुम्ही म्हणालात, "परक्या पुरुषाने माझं पोट दाबून बघायचं? भावजी गेले तुझे, त्यांनी सुद्धा दिवसाउजेडी माझं पोट बघितलं नाही." मला हसू आलं, तुम्हालाही आलं, आणि हसण्यात तो विषय गेला. असाच जायचा दरवेळी. मी हसायला नको होतं.

मग तुम्ही कामणहून, तुमच्या माहेरून, बिब्बे मागवलेत. तुमचे वडील डोंगरातली औषधं द्यायचे, त्यांचं हे शिक्षण. बिब्ब्याचं तेल, दाभणाने टोचून दिव्यावर धरलं की थेंब गळतो, तो दुधात. जिभेला, ओठाला, गालाच्या आतून आधी तूप लावायचं. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, एकेक वाढवत न्यायचं आणि तसंच एकेक उतरवत आणायचं. मीठ नाही, तिखट नाही, आंबट नाही, उन्हात जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. पोटुशीला द्यायचं नाही, अंगावर पाजणारीला नाही, पोराला नाही, ज्याची लघवी लाल त्याला नाही. हे सगळं मला पाठ, कारण तुम्ही ते दुसऱ्यांना सांगताना मी ऐकलंय. आणि एक गोष्ट तुम्ही बोट वर करून सांगायचात, एक पायरी गाळायची नाही, कोणी कितीही शहाणं असो.

तुम्हाला अंक येत नव्हते. तुम्ही तिथीने मोजायचात. अमावास्या गेली की सुरू, पाडव्याला एक, बीजेला दोन, तीजेला तीन. अंगणात येऊन चंद्रकोर बघायचात आणि म्हणायचात, "हा माझा फळा." मला आवडायचं ते. मी सुद्धा कधी बोटांवर मोजलं नाही, तिथी विचारली की थेंब कळायचे.

तुमची नजर मंदावलेली, दोन थेंब तुम्हाला एक दिसायचे. सासूबाईंना बिब्बा उततो, नुसती वाफ लागली तरी डोळे बंद होतात सुजून, त्या बिब्ब्याच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. म्हणून थेंब पाडायचं काम माझं. पाडव्याला पाडला, बीजेला पाडले, तीजेला पाडले. तुम्ही म्हणालात, "घशात जरा तिखट लागतं, पण पोट हलकं वाटतंय." आपण दोघी खूश झालो.

चवथीला सकाळी मला कावळा शिवला.

बाळंतपणानंतर दुसऱ्यांदाच. मी मागच्या पडवीत जाऊन बसले. बाबीला पाजायला आणायचे तेवढंच. औषधाला, देवाला, चुलीला हात नाही. चवथ गेली, पंचमी गेली, षष्ठी गेली, तीन दिवस तुम्ही थेंबावाचून राहिलात. षष्ठीला दुपारी तुम्ही पडवीच्या दारात, लांब, पाट टाकून बसलात आणि मी तिकडून म्हटलं, "वयनी, तीन झालेत ना आपले. उद्या मी न्हाले की चार."

"उद्या सप्तमी."

"हो, पण थेंब चारच ना?"

"सप्तमीला चार?" तुम्ही हसलात. "चौथीपर्यंत शिकलीस म्हणून सगळ्याला चारच का ग तुझे?"

"मधले दिले नाहीत ना पण. पायरी गाळायची नाही म्हणता तुम्ही."

"तू बाजूला बसलीस म्हणून चंद्र बाजूला बसला का? तो वाढला ना रोज? औषध तिथीचं असतं. बाबांनी तिथीनेच दिलं सगळ्यांना."

"बाबांच्या घरी मधेच कोणी बाजूला बसलं असेल तेव्हा काय करायचे?"

तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, आठवतायत. मग म्हणालात, "बाबा पुरुष होते. ते कुठे बाजूला बसणार."

आणि उठलात. पाट उचललात. मी पुढे बोलले नाही. मला वाटलं, मला काय कळतं, ह्या इतकी वर्षं देतायत. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा तुमच्या त्या दुखण्याचा, पडवीतल्या डासांचा कंटाळा आला होता, बाबी रडत होती, मला भांडायचं नव्हतं.

सप्तमीला मी डोक्यावरून न्हाले, तुळशीला पाणी घातलं, तुमच्या ओठांना तूप लावलं माझ्या बोटाने. बिब्बा ताजा होता, टपोरा. थेंब मोठे पडत होते.

त्या संध्याकाळी तुमचं तोंड ओळखू येईना. ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या. अंगभर खाज, तुम्हाला सुती लुगडं सुद्धा अंगावर सोसेना. हनुवटीला फोड, ते फुटले की जिथे पाणी लागेल तिथे नवे. मी नारळाचं दूध काढून पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी तुमची लघवी काळ्या चहासारखी झाली. तिसऱ्या दिवशी झालीच नाही. ह्यांनी टांगा पाठवून माणिकपूरहून डॉक्टर घरी आणले. तुम्ही डोळे मिटून होता, आणि त्यांनी तुमचं पोट दाबून बघितलं, तुम्ही काही बोलला नाहीत. मला तेव्हाच कळलं.

डॉक्टर उठले आणि दारात सगळ्यांना विचारलं, "काय घेतलं होतं ह्यांनी? काही झाडपाला, मुळी, बी? नीट आठवून सांगा. मला कळलं तर काही करता येईल."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. हे माझ्याकडे बघत होते. मी तुमच्या बिछान्यापाशी, आणि तुमचा सुजलेला हात माझ्या मनगटावर आला, फोडांचा, ओला, आणि त्याने असं घट्ट धरलं की मला आश्चर्य वाटलं एवढी ताकद कुठून. मी म्हटलं, "काही नाही. आमसुलाचं पाणी."

डॉक्टरांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं.

ते गेल्यावर तुम्ही मला कानाशी बोलावलंत. जीभ जड, शब्द तुटत होते. "सांगू नको हं धाकटे. सगळंच खोटं म्हणतील मग. टाकळा खोटा, आमसूल खोटं. उद्या बायका दारात येतील, त्यांना कोण बघेल?" मी म्हटलं, नाही सांगणार. तुम्ही म्हणालात, "शपथ?" मी बाबीच्या डोक्याची शपथ घेतली. बाबीच्या! मला दुसरं कोणाचं डोकं नाही सुचलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

वयनी, तुम्हाला ठाऊक होतं का? त्या षष्ठीच्या दुपारी, पाटावर बसून तुम्ही गप्प झालात तेव्हा? की तुम्हाला नुसतं लवकर बरं व्हायचं होतं, पौर्णिमेच्या आत, दुखणं सहन होईना म्हणून? हे मी तुम्हाला कधी विचारू शकत नाही आता, आणि मला रात्रंदिवस हेच विचारायचं असतं.

तेरावं झालं. मला वाटलं, शपथ पाळायला काय, गप्प बसायचं, गप्प बसता तर मला येतं. पण बायका यायला लागल्या. तुमच्या दारात नाही, माझ्या. "तू त्यांच्या हाताखाली होतीस ना, तुला येत असेल." सासूबाई त्यांना बसायला सांगतात, पाणी देतात. त्यांना बरं वाटतं, घर बंद पडलं नाही म्हणून. मी आमसूल देते, टाकळा देते, कोपराच्या आत आधी लावून बघा म्हणते, जुलाब थांबत नसतील तर डॉक्टर म्हणते. तुमचेच शब्द. माझ्याकडे माझे आहेतच कुठे.

परवा दुपारी कामणची एक बाई आली. आगाशीच्या बाजाराला गवताच्या गाडीबरोबर आली होती. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं गोंदण. नाव मी विचारलं नाही, वयनी, नाव विचारायचं राहिलं! ती म्हणाली, "माजी सून हाय, तिच्या पोटात गोला उटतो, काय खात नाय. तुमच्या वयनीनं माज्या नवऱ्याला बिब्बा दिलेला, तो बरा झाला व्हता. मला बिब्बा दे. मी पानी पन पीत नाय, गाडी थांबलीय."

मी म्हटलं, "बिब्बा नाही."

सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "आहे की. त्या डब्यात उरलेत. दे तिला, तेवढ्या लांबून आलीय बिचारी." आणि मी उठले नाही तर त्या स्वतः, पदर नाकाला लावून, चिमट्याने धरून डबा घेऊन आल्या. ज्यांना त्याची वाफ चालत नाही त्या. पाच बिब्बे फडक्यात बांधून दिले.

बाई माझ्याकडे वळली. "किती द्यायचे ग थेंब?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाबी माझ्या मांडीवर होती, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, त्याच डोक्याची शपथ. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, नको देऊस, ह्यानेच वयनी गेल्या. आणि माझ्या तोंडातून काय आलं? तुमचं पाठ केलेलं आलं. "पाडव्याला एक, बीजेला दोन, तीजेला तीन."

ती मान हलवत होती. बोटांवर धरत होती. "सोपं हाय," म्हणाली. आणि जाता जाता बाबीच्या गालाला हात लावून म्हणाली, "आमच्याकडे पन असंच हाय, चार महिन्यांचं. सुनेच्या अंगावर पितं."

ती फाटकाबाहेर गेली तेव्हा मला ते ऐकू आलं. म्हणजे ऐकलं होतं आधीच, पण कळलं तेव्हा. अंगावर पिणारं पोर! मी बाबीला तशीच काखेत मारून धावले, अनवाणी, केळीतून, आडवाटेने, देवळापर्यंत, बाजारापर्यंत. गवताची गाडी निघून गेली होती. पानवाल्याला विचारलं, गवतवाल्यांना विचारलं, कामणची उंच बाई, गोंदण आहे, कोण ती? कोणाला माहीत नाही. एक म्हणाला, "कामणला उंच बाया काय थोड्या आहेत?" आणि सगळे हसले.

ह्यांना सांगितलं, सगळं सांगितलं, शपथ मोडून. हे म्हणाले, "आता वयनीचं नाव कशाला खराब करायचं. ती बाई नेईल निभावून." मी म्हटलं, मी कामणला जाते. "पोर घेऊन? दारोदार? कोणाच्या दारात उभी राहणार?" सासूबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "डॉक्टरला सांगितलं नाहीस ते आता गावाला सांगणार? मग लोक विचारतील, थेंब कोणी पाडले."

मीच पाडले. लिहिलं. विचारायला नको कोणाला.

गुरुजी, हे गाळू नका. रविवारी कामणच्या बायका आल्या असतील तर त्यांच्याकडे बघून मोठ्याने वाचा. पाडवा यायचाय अजून, रविवारपासून चार दिवस आहेत. ज्या घरात गोंदणवाली उंच सासू आहे आणि चार महिन्यांचं पोर आहे, तिथे फडक्यात पाच बिब्बे आहेत. एकही थेंब नका देऊ. जमिनीत पुरून टाका, जाळू नका, धूर लागतो. त्या सुनेला माणिकपूरला डॉक्टरकडे न्या, पोट दाबू द्या त्यांना, लाजू नका, आणि ते विचारतील काय घेतलंस, तर खरं सांगा.

वयनी, शब्द मोडला. तुम्ही रागावला असाल तर माझ्यावर रागवा, बाबीवर नको. टाकळा खोटा नाही, आमसूल खोटं नाही, हे मी सांगत राहीन, येतील त्या बायकांना सांगेन. तुम्ही मला जे जे दिलंत ते सगळं ठेवीन. एवढं एक नाही ठेवता आलं.

आणि ज्या बायका हे ऐकत बसल्यात त्यांना मला विचारायचंय, खरं सांगा, आत्ता नाही, घरी गेल्यावर सांगा स्वतःला. मरणाऱ्या माणसाचा हात मनगटावर होता आणि डॉक्टर दारात विचारत होते, काय घेतलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं असतं? आणि परवा, सासू समोर, मांडीवर लेक, आणि परकी बाई विचारतेय किती थेंब, तुमच्या तोंडून तरी खरं आलं असतं का?